सायकलवरून जग आणि आपली कान्हेरी

यंदाच्या वर्धापनदिनाची सहल कोठे न्यावी हे ठरवण्यासाठी कार्यकारिणीची सभा भरली, तेव्हा एक लहानशी गोष्ट घडली. कान्हेरीचे नाव सर्वांनाच पसंत पडले. बस ठरवावी, डबे घरून न्यावेत, चहाची व्यवस्था तेथे पाहावी, इथपर्यंत सारे सुरळीत झाले. तेवढ्यात तरुण सभासदांपैकी एकीने विचारले, “उद्यानाच्या फाटकापासून पुढे आम्ही काहीजणी सायकलने आलो तर चालेल का?” क्षणभर कोणीच बोलले नाही. मग एका ज्येष्ठ भगिनींनी हसून विचारले, “अगं, पण कशाला?”

प्रश्न साधा होता आणि विचारण्यात काही वाकडेपणाही नव्हता. पण त्या ‘कशाला’चे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही आणि ते मनात सलत राहिले. बस असताना, रिक्षा असताना, आगगाडी असताना माणसे सायकलवरून लांबचा प्रवास का करतात? आणि तो प्रवास आजवर कोणी केला? चार पुस्तके चाळली, जुन्या हकिकती वाचल्या. त्यांत आपल्याच मुंबईची अशी एक हकीकत हाती लागली की ती स्मरणिकेच्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवेना.

आरंभी सायकलीविषयी थोडेसे. आज आपल्या परिचयाची असलेली, दोन सारख्या चाकांची आणि साखळीने चालणारी सायकल १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी बाजारात आणली. हवा भरलेले टायर १८८८ साली डनलॉप यांनी तयार केले. त्यापूर्वीची सायकल म्हणजे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदी चिमुकले. असल्या उंच चाकावर बसून टॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ १८८४ साली अमेरिकेतून जगप्रवासाला निघाला आणि १८८६ साली लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आला. वाटेतल्या खेडुतांना हे वाहन पाहून काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी! आपल्याकडे या वाहनाला पुढे ‘पायगाडी’ हे सुरेख नाव मिळाले. पायांनी चालवायची गाडी. तिला बैल नको, घोडा नको, कोळसा नको.

या पायगाडीचे सारे मर्म हिशेबात आहे. पायी चालणारा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो. तेवढ्याच श्रमात सायकलवाला बारा-पंधरा किलोमीटर जातो. म्हणजे दिवसभरात सामानासह साठ-सत्तर किलोमीटर सहज. आगगाडी याहून कितीतरी वेगाने जाते. पण ती रुळांवरून जाते, आणि मधली गावे खिडकीतून मागे पळतात. सायकलवाल्याला विहीर दिसली तर तो थांबतो, माणूस दिसला तर बोलतो, आणि रात्र पडली की ज्या गावी असेल त्या गावचा पाहुणा होतो.

आता ती मुंबईची हकीकत. १९२० साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान झाले. तो युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आला होता. श्रोत्यांमध्ये काही पारशी तरुण होते, आणि ते ऐकून त्यांच्या मनाने घेतले की आपणही जग पाहावे. ‘बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब’ या व्यायामसंस्थेतील सहा जण, सगळे विशीतले, १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलवरून मुंबईहून निघाले. त्यांची नावे अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया. आज ही नावे किती जणांना ठाऊक आहेत?

त्यावेळी आपला हा भाग कसा होता, हेही डोळ्यांपुढे आणले पाहिजे. मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढला गेला होता. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा मुंबई शहरात नव्हती. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांनी ती बृहन्मुंबईत आली. इकडे भातखाचरे, ताडाची झाडे, आंब्याच्या वाड्या; तिकडे भांडुप-मुलुंडच्या बाजूला मिठागरे. मुंबई बेटावरून जमिनीच्या वाटेने बाहेर पडायचे म्हणजे माहीमची किंवा शीवची खाडी ओलांडून या आपल्या साष्टीतच यावे लागे. शीवहून घाटकोपर, भांडुप, मुलुंडवरून ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रस्ता आपल्या परिचयाचाच आहे. आज त्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. भाजी आणायला आपण ज्या रस्त्याने जातो, तसलेच रस्ते पुढे इराणला आणि इराकला जाऊन मिळतात, हे त्या सहा जणांनी ओळखले, एवढाच त्यांच्यात आणि इतरांत फरक.

पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरिया, सिनाईचे वाळवंट आणि इजिप्त असा त्यांचा पहिला टप्पा झाला. बगदादपासून अलेप्पोपर्यंतचे सुमारे साडेनऊशे किलोमीटरचे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत ओलांडले. उष्मा असा की सावलीसाठी जीव कासावीस व्हावा, आणि सावली तर नाहीच. कधी अन्न नाही, कधी पाणी नाही. तेथून बोटीने इटलीला, मग युरोप, इंग्लंड, अमेरिका. पुढे जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश आणि आसाम. १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईला परत आले. निघाले होते सहा. परतीच्या दिवशी उरले होते तिघे, हकीम, बापासोला आणि भुमगरा. कापडिया तेहरानहून खाजगी कारणाने मागे फिरले होते. हाथीराम अमेरिकेतच राहिले. पोचखानावालाही तेथूनच सोबत सोडून निघाले.

एकंदर प्रवास सुमारे ७१,००० किलोमीटर, काळ चार वर्षे पाच महिने. मी सहज हिशेब केला. बोटीचे आणि मुक्कामाचे दिवस धरूनही हे रोजचे सरासरी ४४ किलोमीटर होतात. बोरिवलीहून चर्चगेट सुमारे ३४ किलोमीटर आहे. म्हणजे त्याहूनही दहा किलोमीटर पुढे, आणि हे रोज, सोळाशे दिवस! त्या तिघांच्या प्रवासाचे इंग्रजी पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले, त्याला पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ते परत येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी, जानेवारी १९२८ मध्ये, कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली होती. आपल्या उपनगराला वेग आला तो त्याच वसंतात, आणि त्याच वेळी तीन माणसे पायांच्या बळावर पृथ्वी फिरून घरी येत होती.

त्यांच्यामागून आणखीही गेले. फ्रामरोझ दावर हे १९२४ साली एकटेच निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव श्टाव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन सोबती भेटला. दोघांनी सहारा ओलांडली, दक्षिण अमेरिका पालथी घातली आणि दावर १९३१ साली परत आले. १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे तिघे निघाले, ते १९४२ पर्यंत हिंडत होते. कलकत्त्याचे बिमल मुखर्जी १९२६ ते १९३७ या काळात असेच जग फिरले. पारतंत्र्याच्या त्या दिवसांत, हिंदी माणसाला परदेशात कोणी फारसे विचारीत नसताना, ही माणसे कोणत्याही सरकारी थाटावाचून गेली आणि लोकांच्या घरी जेवून, झोपून परत आली, ही गोष्ट लहान नव्हे.

हे सारे वाचताना माझा ऊर भरून आला खरा. पण एक गोष्ट खटकत राहिली. या नामावळीत एकही स्त्री नाही.

स्त्रियांना हे झेपणारे नव्हते म्हणून? तसे म्हणता येत नाही. त्यांच्याही आधी, १८९४ साली, ॲनी कोपचोव्स्की नावाची बोस्टनची बाई सायकल घेऊन जगप्रवासाला निघाली. तिला तीन मुले होती, आणि निघण्याच्या अगदी थोडे दिवस आधी ती सायकल शिकली होती. एका पाण्याच्या कंपनीने शंभर डॉलर दिले म्हणून तिने त्या कंपनीचे ‘लंडनडेरी’ हे नाव लावले आणि पाटी सायकलवर टांगली. तिचा बराच प्रवास बोटीने झाला, आणि तिने सांगितलेल्या हकिकतींत मीठमसालाही पुष्कळ होता. तरीही पंधरा महिन्यांनी ती घरी आली, तेव्हा बाईने एकटीने असे जाता येते हे लोकांनी पाहिले होते.

फॅनी बुलक वर्कमन या अमेरिकन बाईंची गोष्ट तर आपल्या देशातलीच. १८९७ च्या अखेरीपासून त्या आणि त्यांचे पती हिंदुस्थानात सायकलवरून फिरले. दक्षिणेच्या टोकापासून हिमालयापर्यंत सुमारे १४,००० मैल. काट्याकुट्यांच्या रस्त्यांवर एकेका दिवसात चाळीस-चाळीस पंक्चर काढावे लागल्याची नोंद आहे. ही बाई श्रीमंत होती, नोकरचाकर बाळगून होती, हेही सांगितले पाहिजे. पण पुढे १९१२ साली काराकोरमच्या बर्फात उभी राहून तिने स्त्रियांच्या मताधिकाराचा फलक हातात धरला आणि छायाचित्र काढून घेतले. एका सायकलवाल्या बाईचा विचार कुठवर पोचतो पाहा.

मग आपल्याकडे काय आडवे आले? आपल्या आज्या-पणज्या प्रवास करीत नव्हत्या असे नाही. डोक्यावर तुळस घेऊन त्या आळंदीहून पंढरपूरला पायी जात, आजही जातात. वारीत बाईला कोणी ‘कशाला?’ असे विचारीत नाही. विठोबाच्या नावाने घराबाहेर पडायला आपल्या समाजाने बाईला फार पूर्वीपासून मुभा दिली, आणि ती लाखो बायकांनी पायांनी सिद्ध करून दाखवली. पण स्वतःच्या नावाने, केवळ पाहावे म्हणून, बाहेर पडायचे म्हटले की विचारणारे दहा जण उभे राहतात. पोशाखाची सबब सांगावी तर तीही टिकत नाही. काष्ट्याच्या नऊवारीत घोड्यावर मांड ठोकता येते. सायकलवर का येऊ नये? शिवाय मधली दांडी नसलेली, चाकाला जाळी लावलेली बायकांची सायकल एकोणिसाव्या शतकातच निघाली होती.

बायका सायकलवर बसल्या, पण बहुधा कॅरिअरवर. भाऊ चालवतो, वडील चालवतात, यजमान चालवतात. आपण मागे एका बाजूला पाय सोडून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने पिशवी सांभाळीत. रस्ता दिसतो तो पुढच्याच्या पाठीआडून. माझे स्वतःचेच सांगते. १९६५ च्या सुमारास मी अकरा-बारा वर्षांची असेन. बोरिवलीला आमच्या घराजवळ सायकलच्या दुकानातून तासाच्या भाड्याने सायकल मिळे. भाऊ ती आणी, आणि उरलेल्या दहा मिनिटांत मी दांडीखालून पाय घालून चालवायला शिकले. एकदा चिखलात पडले, गुडघे फुटले, पण शिकले. पुढे दोन वर्षांनी भाऊ आणि त्याचे मित्र सायकलने कान्हेरीला निघाले. मी फ्रॉक सावरून दारात उभी. आई म्हणाली, “आता मोठी झालीस. उन्हात काळी होशील.” आईचा राग मला आजही येत नाही, तिला कोणी कॅरिअरवरसुद्धा बसवले नव्हते. पण त्या दिवसानंतर मी सायकलला हात लावला नाही. कान्हेरी मी पुढे अनेकदा पाहिली, गाडीतून. भाऊ मात्र अजून सांगतो, शेवटच्या चढावर सगळे उतरले, सायकली ढकलीत नेल्या, आणि वर गेल्यावर टाक्यातले पाणी किती गार होते ते.

काळ बदलत गेला, पण आपोआप बदलला नाही. कोणीतरी पहिल्याने बसावे लागले. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ यात्रा काढली. बाबांचे वय तेव्हा बहात्तरच्या घरात. मणक्याच्या दुखण्याने त्यांना बसताही येत नसे. पण त्यांच्याबरोबर देशभरातले तरुण सायकलवर होते, आणि त्यांत मुलीही होत्या. भाषा वेगळी, धर्म वेगळा, सायकल एक. १९९१ नंतर तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची मोहीम निघाली. तेव्हा तेथे शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, हजारोंनी सायकल शिकल्या. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, मुलाला शाळेत सोडणे, यांसाठी कोणाची वाट पाहणे संपले. तो जगप्रवास नव्हता. पण घरापासून पाच मैलांवरचा बाजार ज्या बाईला परका होता, तिच्या दृष्टीने तो जगप्रवासच होता.

आणि आता आपल्याच महाराष्ट्रातल्या दोघींविषयी. पुण्याकडची वेदांगी कुलकर्णी ही २०१८ साली, वयाच्या विशीत, ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघाली आणि १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून डिसेंबरमध्ये कलकत्त्याला पोचली. बहुतेक वाट एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चोरांनी चाकू दाखवून लुटले, रशियात बर्फ लागला. ती पुढे जात राहिली. १९२३ साली मुंबईहून निघालेल्या सहांच्या यादीत जी जागा रिकामी होती, ती पंच्याण्णव वर्षांनी भरली, असे मला ही हकीकत वाचून वाटले.

दुसऱ्या पुण्याच्या प्रीती म्हस्के. त्यांचे नाव आपल्या वयाच्या भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. त्या दोन मुलांच्या आई. चाळिशीच्या सुमारास, आजारपणातून सावरण्यासाठी, त्यांनी सायकल हाती घेतली. २०२२ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर त्यांनी ५५ तास १३ मिनिटांत पार केले. त्या वाटेवर हिमालयाचे उंच घाट आहेत आणि हवा इतकी विरळ की नुसते चालतानाही धाप लागते.

डोंगरात सायकल चालते तरी कशी, असे पुष्कळजणींना वाटेल. त्यात जादू काही नाही. घाटाचा रस्ता सरळ वर न नेता नागमोडी का नेतात? वाट लांबते, पण चढ हलका होतो. सायकलीचा ‘गिअर’ हेच काम साखळीच्या चक्रांवर करतो. पायडल जास्त वेळा फिरवावे लागते, पण प्रत्येक फेरा हलका पडतो. डोंगरासाठी केलेल्या सायकलीचे टायर रुंद व खरबरीत असतात, म्हणून मातीत आणि दगडांत ती घसरत नाही. अशा सायकली १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर काही हौशी तरुणांनी जुन्या सायकलींची मोडतोड करून प्रथम तयार केल्या. आज पहाटे आरेच्या रस्त्यावर किंवा राष्ट्रीय उद्यानात गेलात तर त्या जातीच्या सायकली पुष्कळ दिसतील. त्यांवर मुलीही दिसतील. डोक्याला शिरस्त्राण, पाठीला पाण्याची पिशवी.

आता पुन्हा आपल्या सहलीकडे वळू. उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी सुमारे सहा किलोमीटर. रस्ता बांधलेला, दुतर्फा झाडी, आणि शेवटी तो चढ. कान्हेरीची लेणी शंभरावर आहेत, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासपासून पुढे जवळजवळ हजार वर्षे ती कोरली जात होती. सोपाऱ्याच्या आणि कल्याणच्या बंदरांतून व्यापारी तेथे येत, भिक्षू येत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांत भिक्षुणींचीही आहेत. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वी घरदार सोडलेल्या बायका पायी हा डोंगर चढून येत होत्या, आणि आपले नाव दगडात ठेवून जात होत्या. त्यांना ‘कशाला?’ असे विचारणारे तेव्हाही भेटले असतीलच.

त्या ज्येष्ठ भगिनींना माझे उत्तर एवढेच, की ताई, वाट पाठीआडून पाहून झाली. एकदा समोरून पाहावी, म्हणून. वेळ वाचावा म्हणून नव्हे, विक्रम करावा म्हणूनही नव्हे. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी बसनेच यावे. डबे, पाणी आणि औषधाची पेटी बसमध्ये असल्याने सायकलवाल्यांचीही सोय होईल. ज्यांना सायकल येत नाही पण शिकायची आहे, त्यांच्यासाठी सहलीपूर्वी महिनाभर, सकाळी साडेसहाला, मंडळासमोरच्या मैदानात वर्ग घ्यावा, अशी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. दोन मुलींनी शिकवण्याचे कबूल केले आहे आणि दोन बिनदांडीच्या सायकली शेजाऱ्यांकडून मिळाल्या आहेत.

शिकणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव मी माझे घातले आहे. सायकल एकदा आली की विसरत नाही म्हणतात, पाहू. चढावर उतरावे लागले तर उतरेन आणि ढकलीत नेईन. टाक्यातले पाणी गार आहे का, ते मला स्वतः पाहायचे आहे.